सनद गेली, वकिली राहिली

रायपूरच्या पुरानी बस्तीला लागूनच लाखेनगर आहे. हे नाव एका मराठी वकिलाचे. वामनराव लाखे यांनी रायपुरात वकिली केली आणि शेतकऱ्यांना सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून १९१३ साली सहकारी बँक उभारण्यात पुढाकार घेतला. सरकारने दिलेला किताब त्यांनी असहकाराच्या काळात परत केला. मग लोकांनीच त्यांना ‘लोकप्रिय’ म्हणायला सुरुवात केली.

याच शहरातले दुसरे वकील ठाकूर प्यारेलाल सिंह. त्यांचा जन्म १८९१ साली राजनांदगावजवळच्या दैहान गावी झाला. राजनांदगावच्या कापड गिरणीत तेव्हा कामगार दिवसाचे बारा-तेरा तास राबत. घरातली मुले जागी होण्याआधी बाप कामावर जाई आणि ती झोपल्यावर परते. १९२० साली प्यारेलालजींनी या कामगारांना एकत्र केले. संप महिनाभराहून अधिक चालला. चुली थंडावल्या, पण एकजूट मोडली नाही. अखेर कामाचे तास कमी करावे लागले.

त्याची किंमत वकिलालाही मोजावी लागली. १९२४ च्या दुसऱ्या संपानंतर संस्थानाने त्यांना हद्दपार केले. ते रायपूरला आले. १९३२ च्या चळवळीत तुरुंगवास तर झालाच, शिवाय वकिलीची सनदही गेली. वकिलाची सनद जाणे म्हणजे सुताराच्या हातची करवत काढून घेण्यासारखेच. पण कोर्टाचे दार बंद झाले म्हणून लोकांचे काम थांबले नाही. १९३७ साली ते रायपूर नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि १९४५ साली त्यांनी छत्तीसगडच्या विणकरांचा सहकारी संघ उभारला. १९५४ साली भूदान पदयात्रेत असतानाच त्यांचे निधन झाले.

आज नोकरीचा किंवा परवान्याचा तंटा उभा राहिला, की घरात पहिला प्रश्न येतो तो वकिलाच्या फीचा. अशा वेळी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. कोर्टातला दावा लोकअदालतीत समेटाने मिटला, तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याइतकेच बळ असते.

मात्र त्यावर अपील करता येत नाही. म्हणून सहीपूर्वी प्रत्येक ओळ वाचून घ्यावी, रक्कम आणि तारीख स्पष्ट लिहून घ्यावी. समजली नाही, तर वकिलाला पुन्हा विचारावे. समेट दोघांच्या राजीखुशीने व्हायला हवा. एकाने नाइलाजाने मान तुकवली, तर त्याला समेट म्हणत नाहीत.