लोकशाही कोणाला मानवत नाही?

‘अरबांना लोकशाही मानवत नाही’, असे आपल्याकडचे विद्वान छातीठोकपणे सांगतात. मुसलमान म्हटला की हुकूमशाही, हे समीकरण त्यांनी केव्हाच मांडून ठेवले आहे. आम्ही त्यांना विचारतो, ही लायकी ठरवणारे तुम्ही कोण?

जव्हार हे १९४८ पर्यंत संस्थान होते. १९५१-५२ च्या निवडणुकीत इथल्या निरक्षर वारली, कातकऱ्याच्या हाती मतपत्रिका आली. अडाण्यांना मत कशाला, म्हणणारे शहाणे तेव्हाही देशात होतेच. आज जामसरजवळच्या पाड्यावरची बाई भर ग्रामसभेत उभी राहते आणि ‘टँकर कधी येणार?’ म्हणून विचारते. ही अक्कल तिला कोणत्या विद्यापीठाने दिली? आधी लायकी आणि मग हक्क, असे कधी होत नाही. हक्क वापरता वापरताच माणूस लायक होतो.

मग अरबांनाच वेगळा न्याय का? त्यांनी लोकशाही मागितली नाही काय? १७ डिसेंबर २०१० रोजी ट्युनिशियात मोहम्मद बुअझीझी या फेरीवाल्याने स्वतःला पेटवून घेतले. महिनाही झाला नाही तोच तेवीस वर्षे सत्तेवर असलेला बेन अली देश सोडून पळाला. फेब्रुवारी २०११ मध्ये इजिप्तचा मुबारक गेला. पुढे २०१३ मध्ये तिथे लष्कराने निवडून आलेला अध्यक्ष उचलला, तर २०२१ मध्ये ट्युनिशियाच्या अध्यक्षाने संसदच गोठवली. यात जनतेची नालायकी कुठे दिसते? लोकशाहीची पोपटपंची करणारी अमेरिका मात्र इजिप्तच्या लष्कराला वर्षाला सुमारे १३० कोटी डॉलर देत आली आहे.

आता घरातले बोलू. आम्ही इथे संविधानाची ढाल पुढे करतो, ते योग्यच आहे. पण तिथल्या बादशहांचे गोडवे गाताना आम्हाला लाज वाटत नाही. आखातात आमच्या कोकणातल्या भावांचे पासपोर्ट कफीलच्या कपाटात पडून राहिले, तेव्हा आम्ही गप्प. २०१८ मध्ये पत्रकार जमाल खशोगी यांचा इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत खून झाला, तेव्हा आमच्यापैकी किती जण बोलले? कुरआनातील ४२ व्या सूरहचे नावच ‘शूरा’, म्हणजे मसलत. मग बापामागून बेटा गादीवर बसतो, ही मसलत कोणी केली?

जे आम्हाला इथे हवे, तेच तिथल्या माणसालाही हवे. एवढे उघडपणे म्हणण्याची हिंमत आमच्यात नसेल, तर इथे हक्क मागताना आमचा आवाज पोकळच वाटणार.