पडद्यापेक्षा दांडा महत्त्वाचा

पवनानगरहून कामशेतकडे निघाले की हिवाळ्यात टेकड्यांवर पॅराग्लायडर तरंगताना दिसतात. उडणाऱ्याच्या दोन्ही मुठींत ब्रेकच्या दोऱ्या असतात आणि हवेची वार्ता पुष्कळदा डोळ्यांच्या आधी या दोऱ्याच आणतात. दोरीचा ताण अचानक सैल पडला की पंख मिटण्याचा धोका हाताला समजतो. घरी संगणकावर विमान उडविणाऱ्या आपल्या तरुणांनी आणि त्यांचा खर्च उचलणाऱ्या पालकांनी हाताच्या या ज्ञानाचा विचार क्वचितच केलेला असतो. पैसा प्रथम जातो तो मोठ्या पडद्यावर.

वस्तुतः या विद्येचा इतिहास उलटा आहे. अमेरिकेत १९२९ च्या सुमारास एडविन लिंक याने वैमानिकांसाठी सरावयंत्र तयार केले. त्याच्या वडिलांचा ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. पेटीच्या भात्यासारखे भातेच त्याने यंत्र झुकविण्यासाठी वापरले. त्यात बाहेरचे दृश्य नव्हतेच, अंगाला मात्र झुकाव जाणवे. १९३४ साली अमेरिकी लष्कराने ही यंत्रे विकत घेतली.

पाच-सहा हजारांच्या साध्या जॉयस्टिकमध्ये स्प्रिंग असते. विमान वेगात असो वा मंद, तिचा विरोध एकच. खऱ्या लहान विमानात दांडा तारांनी वा सळ्यांनी पंख-शेपटीच्या फळ्यांना जोडलेला असतो. वेग वाढला की तो जड होतो, वेग मंदावला की ढिला पडतो. उचलबळ नाहीसे होण्यापूर्वीची थरथर अनेक विमानांत हातापर्यंत पोहोचते. फोर्स फीडबॅकच्या दांड्यात मोटारी असतात व संगणक हिशेब करून त्यांच्याकरवी हाताला हा रेटा देतो.

याचा खरा लाभ थरारात नसून ‘ट्रिम’मध्ये आहे. खऱ्या विमानात दांडा हव्या त्या जागी धरायचा आणि हातावरचा भार नाहीसा होईपर्यंत ट्रिमचे चाक फिरवायचे. स्प्रिंगच्या दांड्यात ही गोष्ट शिकताच येत नाही. हात सोडला की तो मध्यावर परततो. घरी शेकडो तास घालविलेला विद्यार्थी नेमक्या या ठिकाणी कोरा राहतो, किंबहुना चुकीची सवय घेऊन येतो. व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्यासाठी लाखो रुपये मोजावे लागतात. सीमांत उपयोगितेचा साधा नियम लावला, तरी दुसऱ्या पडद्यापेक्षा या दांड्यावरचा रुपया अधिक फळतो.

मग हा दांडा दुर्मीळ का झाला? मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये असा दांडा बाजारात आणला होता. परंतु या तंत्राची अनेक पेटंटे इमर्शन या कंपनीकडे होती. २००२ मध्ये तिने दावा केला आणि पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने २.६ कोटी डॉलर मोजून तडजोड केली. त्याच सुमारास दांडे बनविणेही थांबविले. आज नवे उत्पादक पुढे आले आहेत, तथापि किंमत अर्ध्या लाखाच्या वर आहे.

कोणी म्हणेल, इंडिगोची बहुतेक विमाने एअरबसची आणि त्यांच्या दांड्यांनाही स्प्रिंगच असते. खरे आहे. पण बारामती किंवा गोंदियाला शिकणारा मुलगा प्रथम लहान विमानातच बसतो. शिवाय बधिर दांडा निर्दोष आहे असेही नव्हे. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे एअरबस अटलांटिकमध्ये कोसळले व २२८ माणसे दगावली. एका वैमानिकाने दांडा मागे ओढून धरला होता. दोन्ही दांडे परस्परांशी जोडलेले नसल्याने दुसऱ्याच्या हाताला ते कळण्याची सोय नव्हती. अपघाताला इतरही कारणे होती, पण हेही दुर्लक्षिण्याजोगे नाही.

प्रत्येक घराने अर्धा लाख घालावा, असे सुचविणे मात्र अव्यवहार्य ठरेल. तालुक्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागाने एक दांडा घेऊन तासाला नाममात्र शुल्क आकारावे. पदवीच्या विद्यार्थ्यांना हवेचा दाब आणि वेग यांचे नातेही त्यावर दाखविता येईल. असे तास परवान्याच्या हिशेबात धरले जात नाहीत, हे मात्र नाव नोंदवतानाच सांगावे.