जुनी रेसर सायकल घेताना : किंमत पाहू नका, खर्च पाहा

दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, नोकरीचे फॉर्म अशा कामांसाठी संध्याकाळी आमच्याकडे मुले येत असतात. हल्ली त्यांतली काही जाता जाता उंबऱ्यात थांबून विचारतात, "काका, जुनी रेसर सायकल घ्यायची आहे, कितीपर्यंत घ्यावी?" वाकड्या हँडलच्या, बारीक टायरच्या, गिअरच्या सायकलीला आमच्या पिढीनेही रेसरच म्हटले. मुंबई-पुणे शर्यतीत 'घाटांचा राजा' कोण झाला, हे आम्ही वर्तमानपत्रात वाचायचो आणि तिथेच थांबायचो. आज आपली मुले-मुली त्या सायकलीवर बसू पाहतात, याचा आम्हांस आनंद आहे. पण नवी रेसर कष्टकरी कुटुंबाला महिन्याच्या पगारातही परवडत नाही. म्हणून जुन्या बाजाराकडे पाय वळतात आणि फसगतही तिथेच होते.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारावा. आपल्याला रेसरच हवी का? ज्याला डबा न्यायचा आहे, मागे बहिणीला बसवायचे आहे, खडीच्या रस्त्याने कारखान्यात जायचे आहे, त्याने साधी काळी सायकल घ्यावी. बहुतेक रेसर सायकलींना कॅरिअर, मडगार्ड, स्टँड नसतात. टायर बारीक असल्याने खड्ड्याचा मार थेट रिमला बसतो. ज्याला डांबरी रस्त्याने रोज आठ-दहा किलोमीटर कॉलेजला जायचे आहे किंवा स्पर्धेची तयारी करायची आहे, त्याच्यासाठीच हा लेख.

यंत्राचे खाते

बी.कॉम.ला असताना जमाखर्चाचा एक नियम आम्ही शिकलो. जुने यंत्र विकत घेतले, तर ते चालू स्थितीत आणण्यासाठी लागलेली दुरुस्ती रोजच्या खर्चात दाखवत नाहीत. ती यंत्राच्या खात्यालाच नावे टाकतात. म्हणजे यंत्राची खरी किंमत ही दिलेली रक्कम अधिक ते चालू करण्याचा खर्च. जुन्या सायकलीचा सारा हिशेब या एका नियमात बसतो. विकणारा सांगतो तो फक्त पहिला आकडा. दुसरा आपणच काढायचा असतो.

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या एका घरी हाच प्रसंग आला. मुलगी अकरावीत, कॉलेज ११ किलोमीटर लांब. रविवारी कॉलेजच्या मुलींबरोबर सरावाला जायचे होते. आई चार घरी स्वयंपाक करते. तिची भिशी लागली, त्यातले १४,००० रुपये बाजूला काढले. दोन सायकली पाहून ठेवल्या होत्या. एक चकचकीत लाल, ९,००० रुपयांना. दुसरी रंग उडालेली, १०,५०० रुपयांना. वडील म्हणाले, "भाऊ, लाल घेऊ. दीड हजार वाचतात, आणि पोरीला मैत्रिणींत कमीपणा नको."

आम्ही म्हणालो, "दादा, आधी मिस्त्रीला दाखवू. मग तुम्ही म्हणाल ती घेऊ."

ओळखीच्या सायकल मिस्त्रीला त्याची मजुरी देऊन सोबत नेले. त्याने लाल सायकलीची यादी सांगितली आणि आम्ही लिहून घेतली. दोन टायर १,८००, ट्यूब ६००, चेन ८००, मागचे फ्रीव्हील ७००, ब्रेकचे रबर आणि वायरी ७००, ओव्हरहॉलिंगची मजुरी ६००. एकूण ५,२००. म्हणजे लाल सायकल १४,२०० रुपयांना पडणार होती. रंग उडालेलीला ब्रेकचे रबर, वायरी आणि मजुरी एवढेच लागणार होते, १,३०० रुपये. ती ११,८०० रुपयांत रस्त्यावर येत होती. उरलेल्या पैशांत हेल्मेट १,०००, कुलूप ५००, पुढचा-मागचा दिवा ५०० आणि घंटी १०० बसले. शिल्लक शंभर रुपये. लाल घेतली असती, तर भिशी संपून वर दोनशेची उधारी झाली असती आणि पोरीच्या डोक्यावर हेल्मेट नसते. हे दर आमच्या भागातले आहेत. तुमच्याकडे कमीजास्त असतील, पण रीत तीच राहील.

माप आधी, मॉडेल नंतर

टायर, चेन, सीट सारे बदलता येते. फ्रेमचे माप बदलता येत नाही. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, दोन्ही पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक सीटसारखे वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा. त्या आकड्याला ०.६७ ने गुणा. ७६ आला तर उत्तर जवळजवळ ५१. आडवी दांडी सरळ असलेल्या जुन्या धाटणीच्या रेसरमध्ये, पॅडलच्या धुरीच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या टोकापर्यंत साधारण तेवढे माप हवे. दांडी मागे उतरती असेल तर हे गणित चालत नाही. तिथे सायकलीवर बसूनच पाहावे. दांडी दोन पायांत घेऊन उभे राहिल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकून थोडी जागा उरली पाहिजे. ब्रेकच्या मुठींवर हात ठेवल्यावर कोपर थोडे वाकलेले राहिले पाहिजे, आणि लहान हाताच्या मुलीची बोटे ब्रेकच्या दांडीपर्यंत सहज पोहोचली पाहिजेत. "अजून वाढेल पोरगा" म्हणून मोठी सायकल घेऊ नये. शर्ट मोठा घेतला तर बाही दुमडता येते. फ्रेम दुमडता येत नाही.

दिवसाउजेडी काय पाहावे

सर्वांत आधी फ्रेम. हँडलखाली जिथे नळ्या एकत्र येतात, पॅडलजवळ, आणि मागच्या चाकाच्या पकडीशी नीट पाहा. तिथे रंगाला बारीक रेघ किंवा सुरकुती असेल, रंग फुगला असेल, तर ती सायकल सोडून द्यावी. पुढचा चिमटा बाजूने पाहा. तो मागे दाबल्यासारखा दिसला तर समोरून धडक झालेली आहे. लोखंडी फ्रेमला वरवरचा गंज असेल तर घाबरू नये. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला वेल्डिंग केलेले दिसले तर घेऊ नये, कारण साध्या वेल्डिंगने त्या जागेचा कस जातो. कार्बन फ्रेम जुन्या बाजारात स्वस्त मिळाली तरी पहिली सायकल म्हणून टाळावी. तिची आतली चीर बाहेरून दिसत नाही.

मग चाके. उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबराजवळ नजर ठेवा. चाक डावी-उजवीकडे लचकत असेल तर आऊट आहे. थोडा आऊट मिस्त्री काढतो. पण ब्रेक घासून रिमची बाजू आत खोलगट झाली असेल, तर रिमच बदलावी लागते. चाक धरून आडवे हलवा. खडखडले तर बेअरिंगचे काम आहे. पॅडलची दांडी धरून आत-बाहेर हलवा. तीही हलता कामा नये. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला. हँडलपाशी ठक् असा धक्का लागला तर तिथेही काम निघाले.

चेनची परीक्षा स्टीलच्या टेपने होते. ताणलेल्या चेनच्या एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा. नव्या चेनची तिथून पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती अर्धा सूत पुढे गेली असेल तर चेन बदलण्याजोगी झाली. एक सूत गेली असेल तर मागच्या फ्रीव्हीलचे दातेही बहुधा झिजलेले असतात. तसे असता नुसती चेन बदलून भागत नाही, नवी चेन जुन्या दात्यांवर घसरते. चेनच्या नावाने सांगितलेली दुरुस्ती दुप्पट होते, ती अशी.

सीट वर-खाली होते का, हे समोरच करून पाहा. वर्षानुवर्षे न हलवलेली सीटची दांडी लोखंडी फ्रेममध्ये घट्ट बसून जाते आणि मग सायकल कितीही चांगली असली तरी आपल्या मापाची होत नाही. शेवटी दहा मिनिटे चालवून पाहा. सगळे गिअर टाका, दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबा. चालवू देत नसेल त्याच्याकडून घेऊ नये.

टायरवरचा आकडा जरूर वाचा. बहुतेक रेसरवर ७००-सी किंवा ६२२ लिहिलेले असते. साध्या काळ्या सायकलीचा २८ इंची टायर ६३५ मापाचा असतो. तो या रिमवर बसत नाही. म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात टायर मिळेलच असे नाही. आपल्या रस्त्यांवर २८ मिलिमीटर रुंदीचा टायर २३ पेक्षा बरा, पण फ्रेममध्ये तेवढी जागा आहे का, हे पाहून घ्यावे. अनेक रेसरच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक असतो आणि पंक्चरवाल्याच्या पंपाला लागत नाही. त्यासाठी एक छोटी पितळी टोपी मिळते. ती घेऊन सीटखाली ठेवावी.

कागदाशिवाय पैसे देऊ नका

सायकलीला आरसी बुक नसते. त्यामुळे चोरीची सायकल सहज हातोहात फिरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे, माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानायला कारण असताना, तो अप्रामाणिकपणे घेणे हा गुन्हा आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पूर्वी दंड संहितेचे ४११ कलम होते, तेच हे. भारी सायकल मातीमोलाने मिळते, हेसुद्धा उद्या 'मानायला कारण' ठरू शकते. आणि वाचकहो, स्पष्टच बोलायचे तर संशयाचे पहिले बोट वस्तीतल्या पोरांकडे वळते. मोठ्या सोसायटीतल्या मुलाला कोणी रस्त्यात अडवून "ही सायकल कुठून आणली?" असे विचारत नाही. आपल्या मुलाला विचारतात. त्या वेळी त्याच्या खिशात उत्तर पाहिजे.

सायकल उलटी करून पॅडलच्या धुरीखालचा फ्रेम क्रमांक वाचा. तो घासलेला असेल तर तिथूनच परत फिरा. मूळ बिल असेल तर मागून घ्या. नसेल तर साध्या कागदावर असे लिहून घ्या : "माझी स्वतःची सायकल, फ्रेम क्रमांक अमुक, मी आज रोजी रुपये अमुक घेऊन श्री. किंवा कु. अमुक यांस विकली आहे. मालकीबाबत वाद निघाल्यास जबाबदारी माझी राहील." खाली सही, तारीख, पत्ता, एक साक्षीदार आणि ओळखपत्राची झेरॉक्स. पैसे मोबाइलवरून दिले तर त्याचीही नोंद राहते. सही करायला जो कां-कू करतो, त्याचा माल त्यालाच लखलाभ.

भाव आणि ठिकाण

भाव ठरवण्याआधी त्याच मॉडेलची नवी किंमत दुकानात विचारून या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यामुळे विकणाऱ्याच्या जुन्या बिलावरची किंमत प्रमाण धरू नये. भाव करताना भांडू नका, दुरुस्तीची यादी पुढे ठेवा. यादीपुढे प्रामाणिक माणूस स्वतःहून खाली येतो.

शहरांत सायकल क्लब आहेत. तिथली मंडळी नवी घेताना जुनी विकतात आणि ती बहुधा निगा राखलेली असते. जुनी बदलून नवी देणारी दुकानेही असतात. मिस्त्रीला सांगून ठेवले तर त्याच्या हाताखालून गेलेली सायकल मिळते, तिचा इतिहास त्याला ठाऊक असतो. पैसे पूर्ण जमेपर्यंत थांबावे. सावकाराचे व्याज भरून घेतलेली जुनी सायकल नवीपेक्षा महाग पडते, हे वेगळे सांगायला नको.

सायकल घरी आली की पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर ती पुन्हा मिस्त्रीकडे न्या. नव्या वायरी ताणतात, स्पोक सैल होतात. हवा आठवड्यातून एकदा तपासा, चेन फडक्याने पुसून मगच तेल द्या. आणि विक्रीचा कागद, दुरुस्तीची बिले आणि फ्रेम क्रमांक लिहिलेली चिठ्ठी घरच्या पेटीत रेशनकार्डाशेजारी ठेवा. एक झेरॉक्स मात्र मुलाच्या किंवा मुलीच्या दप्तरात कायम असू द्या.