मामाचा पूल आणि मोरचूद

परवा मामाच्या कर्जतच्या फार्महाऊसवर गेलो. पूलच्या पांढऱ्या प्लास्टरवर हिरवट-निळे डाग! मामी घासून घासून दमली. कारण? शेवाळ दिसलं की माळी मूठभर मोरचूद टाकतो. "पाणी कसं निळंशार दिसतं बघ!" इति मामा.

अहो मामा, मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. शेवाळ मरतं, मान्य. पण क्लोरीन उन्हात संपतं, तांबं कुठे जाणार? पाणी वाफ होऊन जातं, तांबं मागेच राहतं. वर पुन्हा नवी मूठ. आमच्या धंद्यात याला मेमरी लीक म्हणतात! मग पीएच ७.८ च्या वर सरकला की तेच तांबं भिंतीवर बसतं. गोऱ्यांचे सोनेरी केस पूलमध्ये हिरवे होतात तेही तांब्यानेच, शिव्या मात्र खातं क्लोरीन.

सायट्रिक अ‍ॅसिडने डाग निघतील, पण तांबं परत पाण्यात. ते घालवायचं तर पाणीच बदला. म्हणजे ऐन मे महिन्यात निम्मा पूल ओतायचा! आणि ओढ्यात तर मुळीच नको, तांबं माशांना विष असतं.

त्यापेक्षा रोज क्लोरीन मोजा, पीएच ७.२ ते ७.६ ठेवा, ब्रश मारा. शेवाळ म्हणजे क्लोरीन कमी पडल्याची तक्रार. तक्रार दाबून बग जात नाही.

मामा म्हणाला, "तुम्ही कॉम्प्युटरवाले!" असो. मोरचुदाचा डबा मी येताना लपवून ठेवलाय.