निळी नळी

आमच्या पुतण्यानें पहिल्या पगारावर हप्त्यांनीं मोटारसायकल घेतली, तेव्हांपासून तिची निगा हें त्याचें नित्यकर्मच होऊन बसलें आहे. गेल्या श्रावणांत एंजिनापासून निघणारी धुराची स्टेनलेस नळी वीतभर निळी पडलेली त्यास दिसली. डाग घालविण्याच्या उत्साहांत त्यानें संडास धुण्याचें ॲसिड तिला चोळलें. रंग गेला, परंतु पंधरा दिवसांत तेथें बारीक खड्डे पडून तांबूस गंज दिसूं लागला. "काका, हें पोलाद गंजत नाहीं म्हणतात, मग असें झालें कसें?" असें त्यानें खिन्नपणें विचारलें. त्याचें उत्तर इतर घरांसही उपयोगी पडेल म्हणून येथें देतों.

स्टेनलेस पोलादांत निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतें. प्राणवायूशीं संयोग पावून त्याचें पृष्ठभागावर अदृश्य कवच बनतें, आणि तें अभंग आहे तोंवर आंतील लोखंडास गंजाची बाधा होत नाहीं. त्या ॲसिडांतील क्लोराईड नेमकें हेंच कवच भेदतें. समुद्रकांठचें मीठही तेंच करतें. म्हणून कोंकणांतून परत आल्यावर, नळी थंड झाली कीं ती गोड्या पाण्यानें धुवावी.

आतां रंगाविषयीं. उष्णतेनें हें कवच जाड होतें, व त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून रंग दिसतात. पावसाळ्यांत रस्त्यावरील तेलाच्या तवंगावर रंग खेळतात, त्यांचेंच हें भावंड. सुमारें ३०० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, ४०० च्या आसपास तपकिरी आणि ५४० च्या पुढें निळा, असा साधारण क्रम आहे. तात्पर्य, हा मळ नव्हे. नळी किती तापली याची ती नोंद आहे. एंजिनालगत थोडी झांक येणें स्वाभाविकच होय. परंतु निळाई एकाएकीं पसरली, तर इंधनाच्या मानानें हवा अधिक जाते काय, अथवा ठिणगी उशिरा पडते काय, हें जाणत्या मेकॅनिककडून प्रथम पाहून घ्यावें.

त्यानंतरच सफाई. थंड नळीवर स्टेनलेससाठीं मिळणारें पॉलिश मऊ फडक्यानें चोळावें. क्रोमियमचा मुलामा असल्यास तारेची घासणी लावूं नये. मुलामा पातळ असतो. रेनकोट वितळून चिकटला असेल, तर नळी किंचित् कोमट असतांना तो लांकडी चिपेनें खरवडावा. शेवटीं बोटांचे ठसे पुसावे; नळी तापली कीं ते भाजून पक्के बसतात.

पुतण्याच्या गाडींत हवा नेणाऱ्या रबरी नळीस चीर गेलेली निघाली. ती बदलली, धुराच्या नळीवरील खड्डे मात्र राहिले. मीं पस्तीस वर्षें मुलांच्या वह्या तपासल्या. चूक खोडरबरानें पुसून टाकणारा विद्यार्थी तीच चूक पुन्हां करी. ती कां झाली हें विचारणारा क्वचितच करी.