टाकीत काय आहे, हे कळावे

देशातील पंपांवर आज जे साधे पेट्रोल मिळते, त्यात शंभर भागांपैकी वीसपर्यंत भाग इथेनॉलचे असतात. 2018 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने हे उद्दिष्ट 2030 सालासाठी ठेवले होते. पुढे ते पाच वर्षे अलीकडे ओढण्यात आले. दहा टक्क्यांचा टप्पा जून 2022 मध्ये पार पडला आणि त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत, 2025 साली, वीस टक्क्यांचा पल्लाही गाठला गेला. सरकारी उद्दिष्ट मुदतीआधी पुरे होण्याचा योग आपल्याकडे विरळाच. तेव्हा ज्यांचे श्रेय त्यांना देण्यास आम्ही अनमान करणार नाही. आयात तेलावर जाणारे परकीय चलन काही प्रमाणात वाचते, ऊस आणि मका पिकविणाऱ्या शेतकऱ्याला आणखी एक गिऱ्हाईक मिळते, हे लाभ खोटे नव्हेत. तथापि धोरण यशस्वी झाले की ते ज्यांच्या गाड्यांतून यशस्वी झाले त्यांची विचारपूस करावयाची असते, याचा मात्र सर्वांनाच विसर पडलेला दिसतो.

गोव्यात तर हा प्रश्न घरोघरीचा आहे. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत येथील शंभर कुटुंबांपैकी सुमारे पंचेचाळीस कुटुंबांकडे मोटार असल्याचे आढळले. देशात दुसऱ्या कोणत्याही राज्यात हे प्रमाण एवढे नाही. दुचाकीविना तर आपले पानही हलत नाही. या वाहनांपैकी कितीतरी दहा-पंधरा वर्षे वापरातली आहेत. त्यांचे मालक आज गॅरेजात जातात ते एकच गाऱ्हाणे घेऊन : गाडी सकाळी चटकन सुरू होत नाही, उभी असताना थरथरते, चढावर दम टाकते आणि पेट्रोल अधिक खाते. मेकॅनिक इंजेक्टर साफ करावयास सांगतो. मालक इथेनॉलला शिव्या देतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्याचा अंश आहे, पण तो अंशच. आणि जो तिसरा पक्ष या खटल्यात उभा राहावयास हवा, त्याचे नाव कोणीच घेत नाही.

इंजेक्टर म्हणजे एक अतिशय नाजूक पिचकारी. विजेच्या इशाऱ्यावर तिची सुई सेकंदाच्या काही हजारांश भागापुरती उचलली जाते आणि केसासारख्या बारीक छिद्रांतून इंधनाचा तुषार इंजिनात जातो. तुषार जितका बारीक तितके ज्वलन पुरे. छिद्राच्या तोंडाशी राळेचा पातळसा थर बसला तरी तुषाराची धार होते, आणि धार नीट जळत नाही. 1 एप्रिल 2020 पासून भारत-6 मानके लागू झाली तेव्हा दुचाकींतूनही बहुतांशी कार्ब्युरेटर हद्दपार झाला आणि त्याच्या जागी ही पिचकारी आली. जो दोष पूर्वी तारेच्या तुकड्याने आणि फुंकरीने निस्तरता येई, त्यासाठी आता यंत्र आणि जाणकार माणूस लागतो.

हा थर बसतो केव्हा? गाडी धावताना नव्हे, तर ती बंद केल्यानंतर. पाण्याचे अभिसरण थांबते, इंजिनाची उष्णता वर चढते आणि इंजेक्टरच्या तोंडाशी राहिलेला थेंब भाजला जातो. त्यातील हलके द्रव्य उडून जाते, जड तेवढे चिकटते. पर्वरीहून पणजीला, फोंड्याच्या बाजारातून घरी, मुलांना शाळेत सोडून पुन्हा कचेरीत, अशी दिवसातून सहा वेळा तापणारी आणि थांबणारी गाडी लांब पल्ल्याच्या गाडीहून लवकर तुंबते ती यामुळे. येथे इथेनॉलची बाजू मांडणे भाग आहे. ही राळ पेट्रोलातील अस्थिर घटकांची असते. शुद्ध इथेनॉल असे काही मागे ठेवीत नाही. उलट ते चांगले द्रावक आहे. त्याचा उपद्रव होतो तो याच गुणामुळे. जुन्या टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे साचलेला गाळ ते सुटा करते आणि तो गाळ फिल्टरमधून पुढे इंजेक्टरपर्यंत जाऊन बसतो. दहा टक्क्यांच्या काळातच पुष्कळ गाड्यांची ही धुलाई होऊन गेली असावी. पण ज्यांच्या फिल्टरला त्यानंतर हात लागलेला नाही, त्यांनी नवा फिल्टर घालण्यापूर्वी इंजेक्टर साफ करण्यावर पैसा घालू नये.

आणखी एक गोष्ट मेकॅनिकही सहसा समजावून सांगत नाहीत. इथेनॉलमध्ये मुळातच प्राणवायू असल्याने त्याच हवेला इंधन अधिक लागते. आधुनिक गाडीतील संगणक धुराड्यातील प्राणवायू मोजून हा हिशेब जुळवतो व सर्व पिचकाऱ्या किंचित अधिक वेळ उघड्या ठेवतो. परंतु चारांपैकी एक तुंबलेली असेल तर संगणकाला दिसते ती केवळ चौघींची सरासरी. मग तुंबलेली उपाशी राहते आणि उरलेल्या तिघींना गरजेपेक्षा जास्त पाजले जाते. इंधन वाया जाते, गाडी थरथरते आणि दोष पंपावरच्या पेट्रोलवर जातो. खप वाढण्याचा काही भाग मात्र खरोखरच इथेनॉलचा आहे. लिटरामागे त्याची उष्णता पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच भरते. निती आयोगाच्या 2021 च्या अहवालानेच, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी घडविलेल्या व दहा टक्क्यांसाठी जुळविलेल्या मोटारींत ही घट सहा ते सात टक्के आणि तशाच दुचाकींत तीन ते चार टक्के होईल असे नमूद केले होते. तेव्हा सहा टक्क्यांच्या तक्रारीवर इंजेक्टर धुवून उपयोग नाही. वीस टक्क्यांची तक्रार असेल तर अवश्य पाहावे.

आता पाण्याविषयी. जून 2025 मध्ये मध्य प्रदेशात रतलामजवळ तेथील मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातील 19 गाड्या डिझेलात पाणी निघाल्याने रस्त्यातच बंद पडल्या. त्यात इथेनॉलचा काही संबंध नव्हता, आणि म्हणूनच ती घटना येथे उपयोगाची आहे. डिझेलात पाणी तळाशी वेगळे राहते. तळ पाहिला तर सापडते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलात ते प्रथम विरघळून दिसेनासे होते. दहा टक्के मिश्रण साधारण अर्धा टक्का पाणी पोटात घेते, वीस टक्क्यांचे त्याहून काहीसे अधिक. मर्यादा ओलांडली की मात्र पाणी इथेनॉललाही आपल्याबरोबर ओढून तळाला नेते. वर उरते ते कमी ऑक्टेनचे पेट्रोल, खाली साचते ते पाणी आणि मद्यार्क. आणि टाकीतला पंप नेमका तळातूनच इंधन उचलतो. असे द्रव्य इंजेक्टरात शिरले की राळेचा प्रश्न मागे पडून गंजाचा सुरू होतो. हवेतील दमटपणाने हे इतक्या सहजी घडत नाही, ही भीती अतिरंजित आहे. खरा धोका पंपाच्या भूमिगत टाकीचा. चार महिन्यांत ज्या प्रदेशात शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, तेथे झाकणाच्या एका फटीतून काय होते हे सांगावयास नको. नेहमीच्या तपासणीत वापरला जाणारा पाणी दाखविणारा लेप या मद्यार्कमिश्रित थराला दाद देईलच असे नाही. त्यासाठी वेगळा लेप लागतो.

ब्राझीलचा दाखला आपल्याकडे उठल्याबसल्या दिला जातो. तो पुरता द्यावा. 1975 मध्ये त्या देशाने मद्यार्क-इंधनाची राष्ट्रीय योजना हाती घेतली आणि 1979 मध्ये केवळ मद्यार्कावर चालणारी मोटार बाजारात आली. कार्ब्युरेटर गंजू लागले तेव्हा कारखान्यांनी त्यांना निकेलचा मुलामा दिला; म्हणजे इंधनाप्रमाणे यंत्र बदलले. 1989 च्या सुमारास मद्यार्काचा तुटवडा पडला आणि लोकांचा विश्वास उडाला. तो परत आला 2003 पासून, कोणत्याही प्रमाणावर चालणाऱ्या मोटारी निघाल्यावर. तेथील पंपावर मद्यार्क आणि मिश्र पेट्रोल अशी दोन्ही इंधने आपापल्या भावासह समोर असतात, आणि मद्यार्काचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तरच ते घ्यावे, हा हिशेब तेथील सामान्य माणसाच्या जिभेवर असतो. ऑगस्ट 2025 पासून तेथील पेट्रोलातही इथेनॉल तीस टक्के झाले, हे खरे. पण त्यामागे पन्नास वर्षांची तयारी आणि ग्राहकाच्या हाती निवड होती. आपण आकडा घेतला. तयारी आणि निवड तिकडेच राहिली.

अमेरिकेचा अनुभवही डोळ्यांआड करण्यासारखा नाही. तेथे 1980 च्या दशकात इंजेक्टर तुंबण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की शेवटी 1995 पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पेट्रोलात स्वच्छक द्रव्य घालणे कायद्याने बंधनकारक झाले. पुढे इथेनॉलातील सल्फेट क्षार इंजेक्टरात साचतात असे दिसून आले तेव्हा त्या क्षारांवर मानकात मर्यादा घालण्यात आली. दोन्ही वेळी इलाज इंधन विकणाऱ्याच्या दाराशी झाला. आपल्याकडे तो मालकाच्या खिशातून, शेल्फवरच्या रंगीत बाटल्यांमधून चालला आहे. या बाटल्या सरसकट भोंदू नाहीत. पॉलीइथर अमाइन नावाचे द्रव्य ज्यात पुरेसे आहे, ती पाच-सहा हजार किलोमीटरमागे एकदा टाकीत घातली तर थर सुटतो. ज्यावर घटकांचे नावच नाही ती दुकानातच राहू द्यावी. आणि ‘पाणी काढणारी’ म्हणून विकली जाणारी स्पिरिटची बाटली तर निव्वळ विनोद होय. ज्या टाकीत आधीच वीस टक्के मद्यार्क आहे, तीत आणखी छटाकभर ओतून काय साधणार?

मालकाच्या हाती एवढे आहे : टाकी रिझर्व्हवर आणू नये, आखातात किंवा बोटीवर असलेल्यांची गाडी महिनोन्महिने दारात उभी असते, ती टाकी भरून ठेवावी व घरच्यांनी दोन-तीन आठवड्यांतून एकदा चांगली अर्धा तास चालवावी, टँकर रिकामा होत असताना त्या पंपावर इंधन घेऊ नये. इतके करूनही गाडी थरथरली तर इंजेक्टर बाहेर काढून स्वनातीत लहरींच्या यंत्रात धुवून घ्यावेत आणि प्रत्येकाचा प्रवाह धुण्यापूर्वी व नंतर मापून दाखविण्याचा आग्रह धरावा. माप न दाखवता घेतलेले पैसे हे साफसफाईचे नव्हेत.

मद्यार्काशिवायच्या पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. न्यायालयाने तो प्रश्न सरकारच्या अखत्यारीत राहू दिला, पण त्यामुळे सरकारची जबाबदारी कमी झाली असे होत नाही. ती वाढलीच आहे. ऑगस्ट 2025 मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने स्वतःच कबूल केले की काही जुन्या वाहनांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागतील, आणि हा खर्च किरकोळ आहे. मोटारसायकल पायलटाला एवढे अंतर तोडावयास फार दिवस लागत नाहीत, आणि किरकोळ काय हे ठरविण्याचा अधिकार खर्च करणाऱ्याचा असतो. या राज्यापुरते बोलावयाचे तर धारबांदोड्याचा संजीवनी साखर कारखाना 2019-20 च्या हंगामापासून बंद आहे, त्या जागी इथेनॉल प्रकल्पाच्या घोषणा आपण ऐकत आलो आहोत. तो प्रकल्प जेव्हा व्हावयाचा तेव्हा होवो. त्याची वाट न पाहता राज्याच्या वजनमाप आणि नागरी पुरवठा खात्यांना एक काम या पावसाळ्यापूर्वी करता येईल. प्रत्येक पंपाच्या भूमिगत टाकीची मद्यार्कमिश्रणाला लागू पडणाऱ्या लेपाने तपासणी करून तिची तारीख आणि निकाल नळीशेजारी लावण्याचा आदेश द्यावा. मापनळीत नव्वद भाग पेट्रोल आणि दहा भाग पाणी घालून हलवले की इथेनॉल पाण्यात उतरते आणि खालचा थर दहावरून सुमारे अठ्ठावीसपर्यंत चढतो. या साध्या चाचणीने मिश्रणाचे प्रमाणही ग्राहकासमोर दाखविता येते. मापनळी कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेत मिळते. पंपावर ती ठेवण्यास कोणाची हरकत आहे, ते संबंधितांनी सांगावे.