आमटीतली पावडर

मंचरला मेडिकल चालवायचं म्हणजे औषधांबरोबर घराघरातली दुखणीही ऐकायची. दुपारी गर्दी ओसरली की एखादी बाई येते. आधी खोकल्याच्या गोळ्या घेते, मागे कुणी नाही ना बघते आणि हळूच विचारते, "दादा, दारू सोडवायची पावडर हाय का? मालकांना न कळता आमटीतनं द्यायचीय."

मी देत नाही. तिचा राग येत नाही, पोटात तुटतं. पण का देत नाही, हे सगळ्यांनाच कळायला हवं.

दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम नावाची गोळी आहे. पोटात गेलेल्या दारूचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विष होतं आणि यकृत ते पुढे मोडतं. गोळी ते मोडणंच अडवते. वर दारू पडली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय अधू असेल तर जिवावर बेततं. गोळी बंद केल्यावरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहतो. म्हणून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि पिणाऱ्याच्या संमतीनेच द्यायची. ज्याला ठाऊकच नाही तो रात्री पिणारच. आणि बिनलेबलच्या पुड्यांत काय असतं, देव जाणे.

दुसरी चूक त्याहून सर्रास होते. पहाटे उठल्याबरोबर प्यायला लागणाऱ्या माणसाला नातेवाईक देवळात नेऊन शपथ घालतात, गळ्यात माळ घालतात. माझ्याही घरात वारी आहे, माळेचं मोल मी जाणतो. पण इतकी जुनी दारू एका दिवसात तुटली की शरीर बंड करतं. हात इतके थरथरतात की काउंटरवरची नाणी उचलता येत नाहीत. पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते. तिसऱ्या दिवसाच्या आसपास काहींना भिंतीवर किडे दिसतात, घामाच्या धारा लागतात, ताप चढतो, घरचे ओळखू येत नाहीत. लोक बाहेरची बाधा म्हणून उतारा टाकत बसतात. ती बाधा नव्हे. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व मिळालं तर बहुतेक जण त्यातून बाहेर येतात.

आपल्या शेजारच्या ओतूरचे डॉ. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने 29 ऑगस्ट 1986 ला पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे व्यसनी माणसाला गुन्हेगार नव्हे, आजारी माणूस मानलं गेलं. त्याच्या बायकोचंही ऐकून घेतलं गेलं. इतक्या जवळ हे काम उभं असताना आपण अजून पुड्या शोधतो, याची मला खंत वाटते. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाने काही उपचार मिळाल्याचं सांगितलं.

तायांनो, दारू सोडवायची असेल तर शपथेआधी माणसाला डॉक्टरांकडे न्या. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन विचारा, नाहीतर 14446 या मोफत क्रमांकावर फोन करा. आमटीत मात्र काही कालवू नका.